कुकरवरची एक्स्प्रेसो

माझ्या धाकट्या जावेनं जळगावला एक्स्प्रेसो कॉफीचं मशीन घेतलं, ही बातमी आमच्या ह्यांनी मला धुळ्यात दिली, आणि तीही जेवताना. हे ऑफिसच्या कामासाठी जळगावला गेले होते आणि भावाकडे मुक्कामाला होते. "काय कॉफी करते ती! श्रीमंतांच्या लग्नात असते ना, तश्शी. वर हा एवढा फेस," असं म्हणत त्यांनी ताटातल्या भाकरीवर दोन बोटं उभी धरून फेसाची उंची दाखवली. मी आमटी वाढत होते, ती थेट त्यांच्या बोटांवर पडली. मुद्दाम नाही पाडली. पण पुसायला फडकंही दिलं नाही.

"आणि अक्का?" मी विचारलं.

"अक्का तर खूषच आहे. सकाळी एक कप, दुपारी एक कप. पिऊन झालं की तिच्या ओठावर पांढरी मिशी येते आणि पोरं हसतात."

त्या मिशीवर माझं जेवण संपलं. मी ताट घेऊन उठले.

जावेच्या घरी काही नवीन आलं की माझ्या पोटात दुखायचं, हे मी कधी लपवलं नाही. दिरांचा केळीचा धंदा. रावेरकडून ट्रक भरायचे आणि मुंबईला पाठवायचे. ट्रक मुंबईहून रिकामा आला तरी जावेसाठी त्यात काहीतरी असायचंच. आधी फ्रिज आला, मग रंगीत टीव्ही, मग गोल फिरणारं डायनिंग टेबल. आमच्या घरी मात्र महिन्याचा पगार आणि ह्यांची सायकल. ते दुखणं यायचं, दोन दिवस राहायचं, जायचं. मशीनचं दुखणं तसलं नव्हतं, कारण मशीनबरोबर तिनं माझ्या अक्का नेल्या होत्या.

अक्का म्हणजे आमच्या सासूबाई. सगळं घर त्यांना अक्काच म्हणायचं. माझी आई मी लहान असताना गेली. मामाकडे वाढले, आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्धं टाकून लग्न होऊन धुळ्याला आले. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला कांजिण्या झाल्या. अक्का कडुनिंबाचा पाला घेऊन माझ्या उशाशी बसून राहिल्या. बरी झाल्यावर त्यांनी माझे गुंतलेले केस विंचरता येईनात म्हणून खोबरेल तेल चोपडून एकेक बट सोडवली. केस कापून टाका, असं शेजारणी म्हणत होत्या. अक्का म्हणाल्या, "मनी आंडेर ऱ्हाती तं कापतू का?" माझी मुलगी असती तर कापले असते का, असं त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्या माझ्या झाल्या. लोकांच्या सुना सासू दुसऱ्या मुलाकडे जावी म्हणून नवस करतात. मी मात्र त्या कुठे जाऊ नयेत म्हणून त्यांची पिशवी लपवून ठेवायची.

त्या माझ्याकडे राहत त्याचं एक कारण माझा चहा, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी चहा करायची तो माझ्या आईसारखा. पाण्यात गवती चहाची पात गाठ मारून टाकायची, मग ठेचलेलं आलं, मग साखर आणि पत्ती. दूध निराळं तापवून वरून ओतायचं. आणि उतरवताना, झाकण ठेवण्याआधी, चिमूटभर ठेचलेली बडीशेप. आईकडून मला आलेली ती एवढी एकच गोष्ट. अक्का बशीत ओतून भुरके मारत प्यायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "चहा हाऊ!" म्हणजे, याला म्हणायचं चहा.

त्या वर्षी आषाढात चातुर्मास लागताना अक्कांना काय सुचलं कोण जाणे. चातुर्मासात माणसं काही ना काही सोडतात. आमच्याकडे सगळे वांगं सोडायचे, आणि खान्देशी माणसानं चार महिने भरिताशिवाय राहायचं म्हणजे ते काही साधं नव्हे. पण अक्का म्हणाल्या, "वांगं तं बठ्ठाच सोडतस. मी यंदा चहा सोडस." मी चिडले. माझ्याच हातातली गोष्ट का सोडायची? गूळ सोडा, लसूण सोडा. पण अक्कांनी देवासमोर पाणी सोडलं होतं आणि विषय संपला होता. चहाऐवजी मी त्यांना कॉफी करून देऊ लागले, जायफळ घालून. त्या पीत, पण बशी मागत नसत. त्याच आठवड्यात जळगावहून दीर आले आणि "आठ दिवसांसाठी" म्हणून त्यांना घेऊन गेले. आठ दिवस झाले, पंधरा झाले, आणि नंतर हे फेसाची बातमी घेऊन आले.

मी ते मशीन बघायला गेले. जाऊबाईंना मात्र सांगितलं की अक्कांची औषधं पोचवायला आलेय. औषधं म्हणजे हिंग्वाष्टकाची एक बाटली, जी जळगावात कोपऱ्यावर मिळते. एस.टी. पारोळ्याला थांबली, एरंडोलला थांबली, आणि पूर्ण रस्ता मी मनात ठरवत होते की कॉफीला नावं कशी ठेवायची.

जावेनं मशीन काढलं ते मऊ कापडात गुंडाळलेलं. ॲल्युमिनियमचं चकचकीत गोल भांडं, वर पेचाचं झाकण, बाजूला काळ्या मुठीची चावी आणि त्यातून खाली वाकलेली बारीक नळी. भांड्यात पाणी घालून झाकण घट्ट केलं आणि गॅसवर ठेवलं. तोवर एका कपात कॉफीची पूड, साखर आणि दोन-चार थेंब पाणी घालून ती चमच्यानं फेटत बसली. फेटता फेटता काळपट लगदा बदामी झाला. त्यावर दूध ओतलं, कप नळीखाली धरला आणि चावी फिरवली. फुस्स करून वाफ आली, दूध खवळलं, फेस कपाच्या कडेपर्यंत चढला. वर तिनं चिमूटभर पूड भुरभुरली आणि कप अक्कांच्या हातात दिला. अक्कांनी घोट घेतला, ओठावर मिशी आली, आणि त्या माझ्याकडे बघून हसल्या. "देख वं, कशी शे! नुसता फेस!"

"छान आहे," मी म्हटलं. एरंडोलपासून जमवलेलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडलं नाही.

मलाही एक कप मिळाला. सांगायला लाज वाटते, पण कॉफी खरंच चांगली होती. मी अर्धा कप ठेवून दिला आणि म्हणाले, मला जरा जड वाटतेय. जाऊ म्हणाली, "ताई, सवय नाही ना तुम्हाला." ती हे सरळ मनानं म्हणाली असेल. मी ते तसं घेतलं नाही. परतीच्या गाडीत मी "सवय" हा शब्द धुळ्यापर्यंत चघळत आले.

निघताना अक्कांना विचारलं होतं, "कधी येताय?" त्या म्हणाल्या, "कानबाईले इसु."

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी करतात, तिला साडी नेसवतात, दागिने घालतात, आणि सगळे भाऊबंद थोरल्याच्या घरी गोळा होतात. थोरलं घर आमचं. म्हणजे अक्का येणार हे नक्की होतं. त्या आल्या की मी त्यांना परत जाऊ देणार नव्हते. पण त्यांना थांबवायचं तर इथेही फेस हवा होता.

आग्रा रोडवर भांड्यांचं एक मोठं दुकान होतं, मारवाडी शेठजींचं. मी ह्यांना घेऊन गेले. शेठजींनी एकापाठोपाठ तीन वस्तू काउंटरवर मांडल्या. पहिलं विजेवरचं मशीन, काळंभोर, खाली काचेचं भांडं. ते काचेच्या कपाटात इतके दिवस बसलेलं होतं की त्याच्या खोक्यावरचं चित्र उन्हानं पिवळं झालं होतं. कसं चालतं, हे शेठजींनाही नीट ठाऊक नव्हतं. "साहेब लोकांसाठी आहे, वहिनी. इवलासा कप येतो, काळा. दूध-बिध काही नाही." अक्कांना मी ते दिलं असतं तर त्यांनी काढा समजून नाक दाबून प्यायलं असतं. शिवाय आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नव्हता.

दुसरं जावेसारखंच. अगदी तेच, तीच काळी मूठ. ह्यांनी लगेच ते उचललं. "हेच घे ना, ओळखीचं आहे." पुरुषांना काही कळत नाही ते असं. जावेचंच मशीन आणून ओट्यावर ठेवायचं म्हणजे मी हरले असं तिला स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. शिवाय ती म्हणाली असती, "अय्या, ताई, माझ्यासारखंच घेतलंत!" ते "अय्या" मला दुकानातच ऐकू येत होतं.

तिसरी वस्तू म्हणजे नुसती नळी. कुकरच्या शिट्टीच्या जागी बसवायची, मध्ये चावी, आणि पुढे वाकडं तोंड. कुकरची वाफ नळीतून कपात. शेठजींनी एका कुकरच्या झाकणावर ती बसवून दाखवली. "कुकर तुमच्या घरी आहेच. फक्त एक ध्यानात ठेवा वहिनी, कुकरमध्ये नुसतं पाणी घालायचं. दुसरं काही नाही." मी मान हलवली. मला ती नळी फार आवडली. जावेचं मशीन फार तर एका वेळी दोन कपांची वाफ देणार. माझ्या पाच लिटरच्या कुकरमधून कानबाईच्या अख्ख्या पंगतीला कॉफी पाजता आली असती.

घरी आल्यापासून मी सरावाला लागले. प्यायला हे. पहिल्या दिवशी फेस आला नाही, कारण मी पूड फेटायला आळस केला होता. दुसऱ्या दिवशी फेटली, पण म्हशीच्या दुधाची साय नळीच्या तोंडात अडकली आणि वाफ झाकणाच्या कडेनं सुटू लागली. रॉकेलच्या स्टोव्हची पिन घालून मी ती साय काढली. त्यानंतर दूध दोनदा गाळून घ्यायला शिकले. मग कळलं की नळी दुधात खोल बुडवायची नाही, वरच्या वर धरायची आणि कप हळूहळू खाली घ्यायचा. तसं केलं की फेस जाड येतो, नाहीतर नुसतं दूध उकळतं. पाच-सहा दिवसांत माझी कॉफी अशी जमली की चमचा उभा राहावा. ह्यांची मात्र झोप उडाली. "तुमच्या दोघींच्या चढाओढीत मी मरेन," असं ते म्हणायचे आणि पुढचा कप निमूट प्यायचे.

अक्का शनिवारी आल्या. दीर, जाऊ, दोघं पोरं, सगळे एकदमच आले. अक्कांनी आल्या आल्या आपल्या दोन साड्या खुंटीवर अडकवल्या आणि रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली. "ठेव. आते हाई नही लागाव." आता ही लागायची नाही. मी ती पिशवी कपाटात सर्वात खालच्या खणात, रजयांच्या खाली ठेवली. मला वाटलं, फेसाशिवायच काम झालं. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात जावेनं आपली बॅग उघडली आणि मऊ कापडात गुंडाळलेलं ते मशीन माझ्या ओट्यावर ठेवलं.

"अक्कांना आता त्याशिवाय चालत नाही ना, म्हणून आणलं," ती म्हणाली.

माझ्या ओट्यावर! माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डब्यांच्या रांगेत ते मशीन पाहून माझा तिळपापड झाला. रात्री झोपताना मी ह्यांना म्हटलं, "उद्या सगळ्यात आधी माझी कॉफी अक्कांच्या हातात गेली पाहिजे." हे आधीच घोरत होते. आठवड्याची झोप बाकी होती त्यांची.

रविवारी पहाटेपासून स्वयंपाक. कानबाईचा नैवेद्य पुरणपोळीचा, आणि त्याचे नियम कडक. नैवेद्य दाखवेपर्यंत कशाचीही चव घ्यायची नाही. पुरणाचा वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही, असं अक्का सांगायच्या. घरातल्या थोरल्या बाईला तोवर उपास. कॉफी तेवढी चालते. एका शेगडीवर मी मोठा कुकर चढवला होता, त्यात पुरणाची हरभऱ्याची डाळ. दुसऱ्या शेगडीवर खिरीचं दूध. अक्का ओट्यासमोरच पाटावर बसून देवीसाठी फुलं निवडत होत्या.

जाऊ न्हाऊन आली, दुसऱ्या शेगडीकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, खिरीचं दूध जरा बाजूला घेऊ का? अक्कांना कॉफी करते." माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं पातेलं उतरवलं आणि मशीन चढवलं. पाणी गार. वाफ यायला वेळ लागणार होता.

आणि माझ्यासमोर कुकर. डाळ चांगली तापलेली, शिट्टी ठेवायची बाकी, नळकांड्यातून वाफ सूं करत बाहेर पडतेय. तयार वाफ! मी कपात कॉफी आदल्या रात्रीच फेटून ठेवली होती. शेठजी, त्यांचं काउंटर, त्यांनी ध्यानात ठेवायला सांगितलेलं सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यातून पुसून गेलं. शिट्टीच्या जागी मी नळी बसवली, दूध ओतलं, चावी फिरवली. फुस्स! काय फेस आला! असा फेस मला सरावातही कधी आला नव्हता. कपाच्या वर बोटभर, घट्ट, जरासा पिवळसर. वर पूड भुरभुरून मी कप अक्कांना दिला आणि जावेकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. ती अजून चमच्यानं फेटत होती.

अक्कांनी घोट घेतला. थांबल्या. कपात बघितलं. मग ओट्याकडे बघितलं, कुकरकडे, नळीकडे. मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर बहुधा सगळे दात दिसत होते. त्यांनी कप पुन्हा तोंडाला लावला आणि घोटाघोटानं पूर्ण प्यायल्या, तळाशी काही राहू दिलं नाही. शेवटी पदरानं ओठ पुसले.

तेवढ्यात जावेचा कप आला. छान फेस, छान रंग. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे वं. मनं पोट भरी गयं."

जाऊ कप हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं तो ओट्यावर ठेवला. मी कामात आहे असं दाखवलं, पण आतून मी इतकी फुगले होते की काही विचारू नका. रंगीत टीव्ही, फ्रिज, गोल फिरणारं टेबल, सगळं माझ्याकडून त्या एका कपात फिटलं. जावेच्या कपातला फेस हळूहळू बसत गेला आणि मी दर थोड्या वेळानं तो बघत राहिले.

नंतर डाळ झाली का ते बघायला मी झाकण उघडलं. नळीच्या आत, तोंडाशी, डाळीचा पिवळा फेस वाळून चिकटला होता. एक साल अडकलं होतं. मी बोटानं ते काढलं. कपातला तो सुरेख फेस डाळीचा होता. कॉफीला डाळीची चव, तीही हळदीसकट. पण ते चालून गेलं असतं. नैवेद्याची डाळ देवीच्या आधी अक्कांच्या तोंडात गेली होती, आणि ती मी घातली होती. नैवेद्य उष्टा झाला होता. बाहेरच्या खोलीत सगळे भाऊबंद बसलेले. ही गोष्ट कुणाच्या कानावर गेली असती तर पुढची वीस वर्षं दर कानबाईला सांगितली गेली असती, आणि सांगायला जाऊ सगळ्यात पुढे असती.

मी अक्कांजवळ जाऊन खाली वाकले. "अक्का, कॉफीत..."

"माले मालूम शे," त्या फुलं निवडता निवडताच हळू आवाजात म्हणाल्या. "पहिला घोटलेच समजनं. तू मुकाट्यानं दुसरी डाळ शिजाड. हाई घरना मानसंस्ले आमटीमा लागी जाई. कानबाईले काय सांगानं ते मी सांगसु."

त्यांना पहिल्याच घोटाला कळलं होतं. कप बाजूला ठेवला असता तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं, म्हणून त्या तळापर्यंत प्यायल्या होत्या. मी दुसरी डाळ शिजायला लावली. पोळ्या लाटताना माझे डोळे सारखे भरून येत होते, आणि ते जावेला दिसू नयेत म्हणून मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. अक्का माझ्याच आहेत, दुसऱ्या कुणाच्या नाहीत, असं मनात घोकत मी नैवेद्याच्या सगळ्या पोळ्या केल्या, आणि त्या वर्षीच्या पोळ्या फार मऊ झाल्या.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं. पांझरेवरून आम्ही परत आलो. दीर गाडीत सामान ठेवू लागले, आणि अक्का आतल्या खोलीत येऊन मला म्हणाल्या, "मनी पिशवी काढ."

मला वाटलं, काही ठेवायचं असेल. पण त्या खुंटीवरच्या साड्या घड्या घालू लागल्या.

एरवी मी अक्कांशी घरात मराठीच बोलायची, शिकलेल्या सुनेला शोभेल असं. त्या दिवशी माझ्या तोंडून अहिराणीच निघाली. "मनी कॉफी बठ्ठी पिन्यात नं तुम्ही? मग तिकडे कसाले जातस?"

"पिनू म्हनीसनच जास," अक्का म्हणाल्या. त्या जरा दमल्यासारख्या दिसत होत्या. "तुनी कॉफी बरी ऱ्हाती तं मी अर्धी तुनी पिती, अर्धी तिनी पिती. दोन्हीस्ना मान ऱ्हाता. तुनी डाळ झाकानी व्हती, म्हनीसन बठ्ठी प्यावं पडनं. तिना कप भरेलना भरेल ऱ्हायना. काल बठ्ठा लोकंस्मा हासत व्हती, आनी न्हानीमा जाईसन रडनी. आते तिले एकली धाडू का?"

माझी डाळ झाकायला त्यांना पूर्ण कप प्यावा लागला, आणि तिचा कप भरलेलाच राहिला. तुझी कॉफी चांगली असती तर मी राहिले असते, एवढंच त्या म्हणत होत्या. पिशवी रजयांच्या खालून मीच काढली. अक्का गाडीत जावेच्या शेजारी बसल्या, तिचं मशीन मऊ कापडात गुंडाळून त्यांच्याच मांडीवर. गाडी वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. जावेनं हात हलवला. मी हलवला नाही. मला तिच्या रडण्याचा राग आला होता. मलाही न्हाणीघर होतं. मलाही तिथे जाऊन रडता आलं असतं, पण मी दुसरी डाळ शिजवत बसले होते.

नळी मी घासूनपुसून माळ्यावर टाकली. ह्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "आज कॉफी नाही?" मी म्हटलं, "नाही." ते त्या रात्री छान झोपले.

कार्तिकात चातुर्मास संपला. अक्कांनी निरोप धाडला की चहा सोडला होता धुळ्याच्या घरात, तर तो घ्यायचाही तिथेच. ठरल्या दिवशी त्या सकाळच्या गाडीनं आल्या, बरोबर जाऊ. मी आदल्या दिवशीच गवती चहाची ताजी पात आणून ओल्या फडक्यात ठेवली होती. साड्या खुंटीवर अडकवून अक्का पाटावर बसल्या, बशी समोर घेतली. मी चहा केला. त्यांनी ओतला, भुरका मारला, डोळे मिटले.

"चहा हाऊ!" त्या म्हणाल्या.

चार महिन्यांनी ते दोन शब्द ऐकले. मी जावेकडे पाहिलं. ती कधीची अक्कांच्या बशीकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "अक्का जळगावला आल्या की दिवसभर तुमच्या चहाचंच चालायचं. मोठीचा चहा असा, मोठीचा चहा तसा. मी करायची तो त्या प्यायच्या, पण बशी मागायच्या नाहीत. यंदा त्यांनी चहा सोडला कळलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, आता काहीतरी आणा. चहात माझा तुमच्यापुढे निभाव लागायचा नाही. म्हणून ते मशीन."

मला तिची दया आली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण मला आनंद झाला. ती रंगीत टीव्हीसमोर बसून माझ्या चहावर जळत होती, हे ऐकून कितीतरी वर्षांचं पोटदुखणं एका जागी थांबलं.

अक्का बशी पुसत म्हणाल्या, "मोठी, धाकलीले हाऊ चहा शिकाडी दे."

त्या सांगतील आणि मी नाही म्हणेन, असं कधी झालं नव्हतं. मी जावेला ओट्याशी उभी केली. गवती चहाला गाठ कशी मारायची ते दाखवलं. आलं किसायचं नाही, ठेचायचं, ते सांगितलं. साखर कधी, पत्ती कधी, दूध निराळं का तापवायचं, सगळं सांगितलं. ती मन लावून करत होती, मधेमधे विचारत होती. चहा उतरवायची वेळ झाली. बडीशेपेची बाटली माझ्या हाताशीच होती. मी पदर सारखा केला, आणि तो करताना बाटली डब्यांच्या मागे सरकवली.

"झालं. आता झाकण ठेव," मी म्हटलं.

अक्का समोरच पाटावर बसल्या होत्या. त्यांनी डब्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, कानबाईच्या दिवशी कपावरून बघितलं होतं तसंच. जावेनं त्यांच्या बशीत चहा ओतला आणि पातेलं हातात धरूनच उभी राहिली. अक्कांनी भुरका मारला.

"बरा शे, माय," त्या म्हणाल्या, आणि रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली.